गायगर काउंटर वर्षभर वापरून: "हवेतलं रेडिएशन मोजतो" म्हणे

गायगर काउंटर म्हणजे रेडिएशन मोजायचा छोटा मीटर, गेल्या एप्रिलात ऑनलाइन मागवला, साडेसात हजारांच्या आसपास पडला, आता वर्ष उलटून गेलं म्हणून निवांत लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या किमतीतले बरेचसे मीटर आतून सारखेच असतात, काचेची पेन्सिलीएवढी ट्यूब, एक बोर्ड, छोटा स्क्रीन आणि टिक टिक करणारा बझर. तेव्हा हा रिव्ह्यू एका ब्रँडचा न समजता त्या अख्ख्या जातीचा समजा.

आधी तक्रारी उरकतो. सोबत आलेली चार्जिंगची केबल पहिल्याच दिवशी मेलेली होती, ती बदलून द्या म्हणून तीन मेल टाकले आणि शेवटी घरातलीच जुनी केबल लावली. मॅन्युअल भिंगातून वाचावं लागतं आणि वाचून काही कळत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात अन्न, पाणी, हवा, ग्रॅनाइट सगळ्यातलं रेडिएशन मोजतो असं छापलंय. यातलं ग्रॅनाइट तेवढं खरं आहे. हवेबद्दल जे छापलंय ते इतकं अर्धवट आहे की त्यापायी मी आमच्या सोसायटीत चांगलाच बदनाम झालो, तेच सांगायला बसलोय.

पहिले आठ दिवस नुसती मजा. आमच्या सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये मीटर मिनिटाला १९ च्या आसपास टिका मोजतो, म्हणजे १९ सीपीएम (काउंट्स पर मिनिट), एक टिक म्हणजे ट्यूबने पकडलेला एक किरण. पण हा आकडा गप्प बसत नाही, एका मिनिटाला १४ येतो, पुढच्याला २६, आणि नवीन माणसाला वाटतं काहीतरी वाढलं. वाढलेलं काही नसतं. किरणोत्सर्गी अणू कधी फुटणार हे लॉटरीसारखं असतं, सरासरी १९ असेल तर चारपाच इकडेतिकडे होणारच. हे मॅन्युअलमध्ये पहिल्या पानावर ठळक छापायला हवं होतं, ते कुठेच नाही. मी आता किमान दहा मिनिटं मोजून सरासरी काढल्याशिवाय कुणाला आकडा सांगत नाही.

मग घरभर फिरलो. ओट्याच्या जुन्या कडप्प्यावर काहीच फरक नाही, नवीन बसवलेल्या ग्रॅनाइटवर २७. डॉक्टरांनी आईला सांगितलेलं ते कमी सोडियमचं मीठ असतं ना, त्यात पोटॅशियम असतं आणि पोटॅशियम मुळातच किंचित किरणोत्सर्गी, त्याच्या पुड्यावर मीटर टेकवला तर थोडा चढतो. आणि काकांकडे डोंबिवलीला गेलो तेव्हा त्यांनी माळ्यावरून गॅसबत्तीचं न वापरलेलं मेंटल, म्हणजे ती उजेड देणारी जाळी, काढून दिलं, त्यावर धरला आणि टिक टिकचं एकदम टर्रर्र झालं, ४०० च्या वर. मेंटलला थोरियम लावलेलं असायचं, त्यामुळेच तर ते एवढं पांढरंशुभ्र पेटायचं. आमच्या लहानपणी गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यावर बत्त्या घेऊन माणसं चालायची, त्या सगळ्या थोरियमवाल्या. काका हसत म्हणाले, "धुरानं जास्त नुकसान झालं असेल रे त्यांचं."

काकांची ओळख इथेच करून देतो कारण पुढे तेच आहेत. एका अणुऊर्जा केंद्रात हेल्थ फिजिक्सला नोकरी, तीस वर्षं, आता रिटायर. कामगारांना किती डोस लागला, हवेत काही सुटलंय का, हे बघणं त्यांचं काम. मी मीटर घेतोय हे त्यांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी घेऊ दिला नसता, म्हणून घेतल्यावर सांगितलं.

आता मुख्य कांड. मेच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी वळीव आला, गारा, वारा, लाइट गेली, सगळं साग्रसंगीत. पाऊस थांबल्यावर मी खाली गेलो, कुठेतरी वाचलं होतं म्हणून गाडीचं बॉनेट टिश्यू पेपरने नीट पुसलं, टिश्यू घडी करून मीटरच्या पाठीला लावला. ६२. परत मोजलं, ५८. दुसऱ्या गाडीचं पुसलं, ६५. माझ्या हाताला घाम. मूर्खासारखा स्क्रीनचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, "आजच्या पावसात रेडिएशन नेहमीच्या तिप्पट". पुढच्या दहा मिनिटांत मुलांना खाली सोडू नका, गच्चीवरचे कपडे परत धुवा, टाकीचं पाणी सोडून द्या, आणि कुणीतरी "तारापूरला काहीतरी झालंय, बातमी दाबतायत" हेही जोडलं. तासाभरात तोच मेसेज शेजारच्या सोसायटीतून मलाच फॉरवर्ड होऊन आला, वर "खात्रीलायक सूत्र" असं लिहून. ते खात्रीलायक सूत्र म्हणजे मी, लुंगीवर, हातात ओला टिश्यू.

काकांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "आत्ता किती आहे?" मी म्हटलं ६२. "अरे ते मघाचं. आत्ताचं सांग." जाऊन मोजलं, पाऊण तास झाला होता, ३७. "अजून दोन तासांनी मोज आणि मग झोप." दोन तासांनी २० आलं. काही न करता, टिश्यू तसाच टेबलावर पडलेला.

तर हे काय होतं. जमिनीत, दगडात, विटांत सगळीकडे थोडंथोडं युरेनियम असतंच. ते फुटत फुटत रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन होतो, तो वायू असल्यामुळे मातीच्या फटींतून वर येतो आणि हवेत मिसळतो. रेडॉनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटून जायला लागणारा वेळ, ३.८ दिवस. स्वतः तो निमूट असतो, कशाला चिकटत नाही, पण त्याची पोरं, म्हणजे तो फुटल्यावर एकापाठोपाठ एक होणारे अणू, फार चिकट. पोलोनियम-२१८ तीन मिनिटांत अर्धं होतं, मग शिसं-२१४ सुमारे २७ मिनिटांचं, मग बिस्मथ-२१४ सुमारे २० मिनिटांचं. हे धातू आहेत, वायू नाहीत, तयार झाले की हवेतल्या धुळीच्या कणावर जाऊन बसतात. पाऊस आला की ती धूळ खाली येते आणि तुमच्या बॉनेटवर जमा होते. तिप्पट रेडिएशन म्हणजे एवढंच, रोज असतं तेच, फक्त पावसाने गोळा करून एका जागी आणलं. आणि पोरांची आयुष्यंच अर्ध्या तासाच्या हिशोबातली, त्यामुळे रात्रीच्या जेवणापर्यंत खेळ खलास.

गंमत म्हणजे जुलैत, चांगला झिम्माड पाऊस चालू असताना हाच प्रयोग पाच वेळा केला आणि एकदाही २५ च्या वर गेला नाही. मला वाटलं मीटर बिघडला. काका म्हणाले विचार कर, वारा कुठून येतोय. मान्सूनची हवा येते समुद्रावरून आणि समुद्रातून रेडॉन जवळजवळ येतच नाही, तो जमिनीतून येतो. वळवाची हवा मात्र आठवडाभर तापलेल्या जमिनीवर घुटमळलेली असते. म्हणजे साडेसात हजारांच्या मीटरने मला हवा कुठली आहे ते सांगितलं! त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की पैसे अगदीच वाया गेले नाहीत.

यानंतर हवा खरंच मोजायची म्हणून हट्टाला पेटलो. मीटर टेबलावर नुसता ठेवून हवेतली किरणोत्सर्गिता कळत नाही हे एव्हाना कळलं होतं, कारण त्या १९ मधला बराचसा भाग भिंती, फरशी, आकाशातून येणारे कॉस्मिक किरण आणि ट्यूबचा स्वतःचा असतो, हवेचा वाटा त्यात दिसतसुद्धा नाही. हवा मोजायची तर ती ओढून फिल्टरवर गाळावी लागते, काकांच्या केंद्रातही तसंच करायचे, फक्त त्यांचे पंप मोठे आणि फिल्टर पेपर खास. मी एन-९५ मास्क कापला, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर रबरबँडने बसवला आणि तळमजल्यावरच्या सोसायटीच्या स्टोअररूममध्ये, जी आठवडाभर बंद होती, चालू करून ठेवला. वीस मिनिटांत मोटर तापून वास यायला लागला आणि क्लीनर बंद पडला. बायको यावर काय बोलली ते रिव्ह्यूमध्ये बसत नाही. थंड झाल्यावर परत दहा मिनिटं चालवला. (तुम्ही करणार असाल तर नळीला बाजूने एक बारीक भोक ठेवा, मोटरला थोडी हवा लागते.)

मास्कचा तुकडा मीटरला लावला तर ९६. पांढराशुभ्र मास्क, मधोमध एक राखाडी गोल डाग उठलेला, आणि तो डाग टिक टिक करतोय. हे दृश्य मी विसरणार नाही. अर्ध्या तासाने ६९, तासाने ४७, दोन तासांनी २९. आणि मग तो उतरायचा थांबल्यासारखा झाला. रात्रभर मोजत ठेवला तर सरासरी २२, मोकळ्या मीटरच्या १९ पेक्षा थोडीशी का होईना पण जास्त. दोन दिवसांनी परत रात्रभर, १९.

मला आधी वाटलं ते वरचे ३ म्हणजे खरं काहीतरी सापडलं. काकांनी तेही उडवून लावलं. रेडॉनचा एक भाऊ असतो, थोरॉन, तो थोरियमच्या घरातला. स्वतः मिनिटभरही टिकत नाही, पण त्याच्यापासून होणारं शिसं-२१२ चांगलं १०.६ तासांचं असतं. म्हणजे संध्याकाळी फिल्टर काढला तर सकाळीही ते थोडं तिथेच. "म्हणूनच आम्ही एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास नाही ठेवायचो," काका म्हणाले.

त्यांची पद्धत अशी होती. फिल्टर पेपर काढला की एकदा लगेच मोजायचा, मग डबीत घालून वर तारीख-वेळ लिहून ठेवून द्यायचा, काही तासांनी परत, आणि दुसऱ्या दिवशी परत. आकडा घड्याळाप्रमाणे खाली आला तर निसर्गाचा. हटून बसला तर आपला, म्हणजे केंद्रातून सुटलेला, आणि मग धावपळ. ते म्हणाले नवीन आलेली पोरं पहिला आकडा बघून पांढरी पडायची, आणि जुनी माणसं चहाला जायची, परत येऊन मोजायची. चहा हीसुद्धा एक प्रोसिजरच होती म्हणे.

पण खरी गळती झाली तर चहा कसा घेणार, हा माझा प्रश्न. इथे काका रंगले. हवेवर चोवीस तास लक्ष ठेवणारी जी मशीन असतात ती फिल्टरवरचे अल्फा कण (काही अणू फुटताना बाहेर फेकतात ते जड कण) तिथल्या तिथे मोजतात, आणि कुठल्या अणूचा अल्फा किती ताकदीचा हे ठरलेलं असतं. प्लुटोनियम-२३९ चा ५.१६ एमईव्ही (हे ऊर्जेचं माप), पोलोनियम-२१८ चा ६, पोलोनियम-२१४ चा ७.६९. कागदावर वेगवेगळे दिसतात, पण फिल्टरवर धूळ साचली की ६ वाला अल्फा धुळीतून बाहेर येताना दमतो आणि ५ च्या घरात येऊन पडतो, आणि मशीनला वाटतं प्लुटोनियम आलं. म्हणजे रेडॉन नुसता जास्त आहे एवढंच नाही, तो वेष पालटून येतो. त्यात हवेत प्लुटोनियम किती चालेल याची मर्यादा इतकी चिमूटभर की त्यापेक्षा कितीतरी जास्त रेडॉनची पोरं साध्या हवेतच असतात. मग मशीनमध्ये नाना युक्त्या. ६ आणि ७.६९ ला रेडॉनच्या पोरांची जी शिखरं दिसतात त्यांवरून हिशोब करून ५ च्या घरात घसरलेली त्यांची शेपूट वजा करायची, किंवा बीटा (हलके कण) आणि अल्फाचं प्रमाण बघायचं, ते रेडॉनच्या घरात साधारण ठरलेलं असतं. किंवा अजून भारी, बिस्मथ-२१४ चा बीटा सुटला की त्याच्या मागोमाग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच पोलोनियम-२१४ चा अल्फा येतो, अशा जोड्या दिसल्या की त्या रेडॉनच्या म्हणून बाजूला काढायच्या. एवढं करूनही थंडीत पहाटे चार-पाचला अलार्म वाजायचे. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा वर उठत नाही, झाकण बसल्यासारखी थांबते, रेडॉन खाली साचत जातो. ऊन पडलं की हवा हलते आणि अलार्म गप्प. काकांच्या मते डिसेंबरची नाइट शिफ्ट म्हणजे फुकटचा व्यायाम.

आणि कपडे! पॉलिएस्टरच्या शर्टावर स्थिर वीज असते, रेडॉनची पोरं त्याला बरोबर चिकटतात, माणूस गेटवरच्या मॉनिटरमध्ये उभा राहिला की टुंई. मग त्याला बाजूला बसवायचं, तासाभराने परत उभं करायचं. यावरून त्यांनी अमेरिकेतली ती गोष्ट सांगितली जी त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. डिसेंबर १९८४, पेनसिल्व्हेनियातलं लिमरिक अणुऊर्जा केंद्र, अजून वीजनिर्मिती सुरूही व्हायची होती आणि स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनिअर गेटवरून जाताना रोज अलार्म वाजवायचा. एके दिवशी कामावर येताना आत शिरल्याशिरल्याच मॉनिटरसमोर उभा राहिला आणि तेव्हाही वाजला, म्हणजे माल घरून येत होता. घर तपासलं तर लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन, म्हणजे घनमीटरला जवळजवळ १ लाख बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरात १०० च्या आत ठेवा. उघड्यावर सरासरी १० च्या आसपास असतो. वर्षानुवर्षं जास्त रेडॉनमध्ये राहिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर होतो, त्यामुळे नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी असं नाही, हे मात्र लक्षात असू द्या. तिकडे न्यू जर्सीला माझ्या मावसभावाने घर घेतलं तेव्हा त्याची रेडॉन टेस्ट झाली, कारण तिथे बेसमेंट असतात आणि थंडीभर खिडक्या बंद. आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात आणि खाली दख्खनचा काळा पाषाण, त्यात युरेनियम-थोरियम कमी. मेव्हण्याकडे हैदराबादला हाच मीटर ३३ दाखवत होता, तिथे सगळा ग्रॅनाइट. पण घरातला रेडॉन मोजायला हा मीटर घेऊ नका, त्याचे वेगळे डबे मिळतात, ते आठवडे-महिने ठेवायचे असतात. या मीटरच्या काचेतून अल्फा आतच जात नाही, मग काय मोजणार.

वाट बघायची ही काकांची ट्रिक मला घरगुती जुगाड वाटली होती, पण नंतर कळलं की अणुचाचण्या पकडण्यासाठी जगभर ८० केंद्रांचं जाळं ठरलंय, तिथेसुद्धा तेच करतात. चोवीस तास हवा गाळायची, मग चोवीस तास फिल्टर नुसता ठेवून द्यायचा, आणि मगच जवळजवळ चोवीस तास मोजायचा. (हे जाळं ज्या अणुचाचणीबंदी कराराचं, त्या सीटीबीटीवर आपण सही केलेली नाही, तो वेगळा विषय.) तेही नुसत्या टिका मोजत नाहीत, थंड केलेल्या जर्मेनियमच्या डिटेक्टरवर प्रत्येक गॅमा किरणाची ऊर्जा बघतात, कारण वाट बघूनही सगळं नैसर्गिक जात नाही. कॉस्मिक किरणांमुळे वरच्या हवेत बेरिलियम-७ बनतं, त्याचं अर्धायुष्य ५३ दिवस, ते फिल्टरवर बसूनच असतं. शिसं-२१० तर २२ वर्षांचं. २०११ ला फुकुशिमानंतर दूरदूरच्या देशांत फिल्टरवर आयोडीन-१३१ सापडलं, ते या गर्दीतून ऊर्जेवरून ओळखलं. आपल्या मीटरला आयोडीन, बेरिलियम, केळं, सगळं सारखंच, टिक म्हणजे टिक.

स्क्रीनवर तो जो मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे शरीराला लागणाऱ्या डोसचा, आकडा येतो त्याबद्दल एक सांगतो. तो सहसा सीझियम-१३७ सारख्या एखाद्या ठरावीक गॅमाला धरून ठरवलेला गुणाकार असतो, बाकी काही नाही. टिश्यूला चिकटवून आलेल्या ६२ चे मायक्रोसिव्हर्ट काढणं म्हणजे रिक्षाच्या मीटरने ताप मोजणं. मी त्या वळवाच्या दिवशी ग्रुपवर तोच आकडा टाकला होता, आता लाज वाटते. माफीही तिथेच मागितली, दर अर्ध्या तासाच्या आकड्यांसकट, ती कुणी फॉरवर्ड केली नाही.

आणखी बारीकसारीक. बॅटरी बझर बंद ठेवला तर दोन दिवस पुरते. लॉगिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. अलार्म फॅक्टरीतून १०० वर लावून येतो, तो काढू नका, कमी तर मुळीच करू नका नाहीतर रात्री दोनला उठाल. ट्यूब काचेची आहे, एकदा सोफ्यावरून पडला तर वाचला, फरशीवरून वाचेल असं वाटत नाही.

माझे स्टार साडेतीन. खोक्यावर "हवा" छापलं नसतं तर चार दिले असते. ज्याला घड्याळ आणि वही घेऊन बसायचा कंटाळा नाही, शाळेत विज्ञान शिकवतो, किंवा ज्याच्या घरी आठवी-नववीतलं चौकस पोर आहे, त्याने खुशाल घ्यावा, मास्कचा तो डाग उतरताना एकदा बघितला की अर्धायुष्य परत पाठ करावं लागत नाही. ज्याला भीती वाटते म्हणून घ्यायचाय त्याने मात्र घेऊ नये, भीती दुप्पट होईल आणि पहिल्याच वळवाला माझ्यासारखा ग्रुपवर जाईल.

काका अजूनही त्याला खेळणं म्हणतात. पण परवा स्वतःहून फोन आला, येत्या गणपतीत येशील तेव्हा ते खेळणं घेऊन ये, माळ्यावर अजून दोन मेंटलं सापडलीत, आणि येताना एक एन-९५ मास्कही आण.